पिल्लू घरात शू करतंय? आधी घड्याळ बघा

आमच्याकडं कुत्र्याचं दोन महिन्यांचं पिल्लू आलं ते भर जुलैत, कोल्हापुरातला पाऊस माहितीच आहे, परड्यात पाय ठेवायची सोय नाही, आणि पहिल्याच संध्याकाळी त्यानं उंबऱ्यापाशी ठेवलेल्या नव्या कोऱ्या कोल्हापुरी चपलेवर धार सोडली. कातडंच ते, सगळं पिऊन बसलं, आठवडाभर वाळवली तरी वास गेला नाही. आजी म्हणाली नाक घासा त्याचं तिथं. हे अजिबात करू नका हं. मघाशी केलेली शू आणि आत्ताचा मार याचा संबंध पिल्लाला लागत नाही, त्याला एवढंच कळतं की माणसांसमोर केली की मार बसतो, मग ते सोफ्यामागं जाऊन करतं आणि तुम्ही बसा हुडकत.

वय जितके महिने तितके तास पिल्लू साधारण धरू शकतं, तेही फार फार तर. म्हणून दोन महिन्यांच्याला दिवसा तासा-तासानं न्यायचंच, मोबाईलला अलार्म लावा, शिवाय झोपून उठलं की लगेच, खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांत, दंगा करून दमलं की, आणि रात्री आपण झोपायच्या आधी. रात्री दोन-तीनला एकदा उठावं लागतं, त्याला इलाज नाही. खेळता खेळता थांबून नाक फरशीला लावून गोल गोल फिरायला लागलं की उचला आणि पळा, चप्पल शोधत बसलात तर गेलं!

जागा रोज एकच ठेवायची, परडं असो नाहीतर गच्चीचा कोपरा, कारण सगळा खेळ वासाचा आहे. शू टिपलेला पेपरचा तुकडा तिथं नेऊन ठेवला की लवकर कळतं. 'चल शू कर' हा शब्दही घरात सगळ्यांनी एकच वापरायचा. झालं रे झालं की तिथल्या तिथं उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा द्या, आत आणून दिलात तर त्याला वाटतं घरात आल्याचं बक्षीस मिळालं. आणि लगेच आत ओढू नका, नाहीतर शू केली की मजा संपते हे ते शिकतं आणि मुद्दाम धरून ठेवतं. पावसात आम्ही पत्र्याखाली उथळ पाटीत माती भरून ठेवलेली, फ्लॅटमध्ये बाल्कनीतही हे जमतं. रस्त्यावर किंवा रंकाळ्यावर एवढ्यात नको, लसीचे डोस साधारण चार महिन्यांपर्यंत चालतात आणि पार्व्होचा (पिल्लांना जुलाब-उलट्या होऊन जीवावर बेतणारा रोग) विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो.

आता दूध. गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून म्हशीचं धारोष्ण दूध आपण प्यावं, पिल्लाला नको. आमच्या काकांनी लाडानं वाटीभर पाजलं आणि रात्रभर घरभर पातळ शी, आठ दिवसांचं ट्रेनिंग पाण्यात. जेवण ठरलेल्या वेळी दिलं की शीची वेळही आपोआप ठरते. पाणी मात्र दिवसा तोडू नका, झोपायच्या तासभर आधी भांडं उचललं तरी बास.

पुसायचं म्हणजे आधी कोरड्या फडक्यानं टिपायचं. फिनेलनं आपल्या नाकाचं समाधान होतं पण पिल्लाला खालचा वास येतोच, आणि ओल्या फिनेलवरून चालून पंजे चाटलं की ते पोटात जातं. व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं चालतं, फक्त शहाबादी किंवा मार्बलवर नको, डाग पडतात, तिथं एन्झाइमवालं क्लीनर आणा.

आमचं साडेचार महिन्यांचं झालं तेव्हा स्वतःच मागच्या दाराला पाय घासायला लागलं. पाहुणे आले की अजून आनंदानं दोन थेंब गळतात, त्याला ओरडायचं नाही, वयानं जातं. पण नीट शिकलेलं पिल्लू अचानक सारखं थेंब थेंब करायला लागलं तर डॉक्टरला दाखवा, बऱ्याचदा इन्फेक्शन असतं.