शाळा तपासणी मुलापासून सुरू करा: केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकाऱ्यांसाठी

जिल्हा परिषदेच्या शाळेत तपासणीला कोणी आले की खुर्ची कार्यालयात मांडली जाते आणि कपाट उघडते. जनरल रजिस्टर, कॅटलॉग (हजेरीपट), टाचण वही (पाठांचे नियोजन), पोषण आहाराची नोंदवही, किर्द (रोजचा जमाखर्च), शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त. यातच दोन-अडीच तास जातात. उरलेल्या वेळात एखाद्या वर्गात डोकावायचे, पहिल्या बाकावरच्या मुलाला पाढा म्हणायला लावायचा आणि शेरेबुकात ‘शैक्षणिक दर्जा समाधानकारक, अप्रगत विद्यार्थ्यांकडे लक्ष द्यावे’ असे लिहून निघायचे. असा शेरा कुठल्याही शाळेला कुठल्याही वर्षी लागू पडतो. त्यावरून शिक्षकाला उद्या सकाळी काय करायचे ते कळत नाही.

दफ्तर, म्हणजे शाळेची ही कागदपत्रे, तपासायचेच आहे, पण सगळ्यात शेवटी. आधी मूल काय वाचते आणि काय सोडवते ते पाहा, मग त्याची वही, मग त्याचा वर्ग. एवढा क्रम बदलायला नवे परिपत्रक लागत नाही.

जाण्यापूर्वी

यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवरची पटसंख्या, मागच्या संकलित चाचणीचे वर्गवार गुण आणि मागच्या भेटीचा शेरा कार्यालयातच वाचून घ्या. जी माहिती पोर्टलवर आहे ती शाळेकडे पुन्हा कागदावर मागू नका. शिक्षकांनी तपासणीच्या आदल्या दिवशी तक्ते भरत बसणे म्हणजे मुलांचा एक दिवस बुडणे.

तारीख विचार करून ठरवा. पाटोदा, शिरूर कासार, पाथर्डी या भागांतली ऊसतोड कुटुंबांची मुले दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. डिसेंबरात तिथे गेलात तर मागे राहिलेलीच मुले भेटतील आणि शाळा आहे त्यापेक्षा बरी दिसेल. अशा शाळांची एक भेट ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हवीच. पालक ऊसतोडीला गेल्यावर मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहात राहिलेली मुले किती आणि गेलेली किती, हा आकडा वेगळा घ्या.

सोबत स्वतःचे उतारे न्या. पाठ्यपुस्तकातला धडा वाचायला दिला तर अनेक मुले तो पाठ म्हणतात, बोट भलत्याच ओळीवर असते. प्रत्येक पातळीचे निदान तीन वेगळे उतारे ठेवा आणि ते दर सत्रात बदला. एकच उतारा केंद्रातल्या, म्हणजे एका केंद्रप्रमुखाकडच्या, दहा शाळांत फिरला, तर तिसऱ्या शाळेपर्यंत तो तोंडपाठ झालेला असतो.

मुले कशी निवडायची

मुले शिक्षकांनी निवडायची नाहीत आणि हात वर करणाऱ्यांतूनही घ्यायची नाहीत. हजेरीपट घ्या. वर्गात २८ मुले असतील तर पहिल्या चार नावांतले कोणतेही एक घेऊन तिथून दर चौथे नाव, म्हणजे सात मुले. पट दहाच्या आत असेल तर सगळीच मुले घ्या. निवडलेले मूल गैरहजर असेल तर पुढचे नाव घ्या, पण गैरहजर मुलाचे नाव कागदावर राहू द्या. सातपैकी तीन मुले शाळेतच नसणे ही त्या दिवसाची सर्वांत महत्त्वाची नोंद असू शकते. विशेष गरजा असलेले मूल वगळू नका. विशेष शिक्षकाशी बोलून त्याच्यासाठी वेगळी कृती ठेवा.

मुलाला वर्गाबाहेर व्हरांड्यात शेजारी बसवा, समोर नको. आधी नाव, भावंडे, आवडता खेळ असे दोन मिनिटे बोला. घाबरलेल्या मुलाचे वाचन मोजले तर भीतीच मोजली जाते.

वाचन

‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या घरोघरी होणाऱ्या सर्वेक्षणात २००५ पासून वापरली जाणारी पातळ्यांची पट्टी यासाठी पुरेशी आहे: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. परिच्छेदापासून सुरुवात करा. मूल वाक्य वाक्यासारखे वाचत असेल आणि चुका तीनपेक्षा जास्त नसतील तर गोष्ट द्या. अडखळले तर शब्दांवर या: पाच शब्दांपैकी चार बरोबर यायला हवेत. तेही जमले नाही तर अक्षरे, तोच नियम. एका मुलाला पाच-सहा मिनिटे लागतात.

निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या केंद्र सरकारी अभियानाच्या उद्दिष्टांत दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीअखेर किमान ६० शब्द, तेही अर्थासह वाचणे अपेक्षित आहे. मराठीसाठी हा वेग वापरताना सावध राहा. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडून येते. ‘झाडाखालच्या’ हा एकच शब्द मोजला जातो, हिंदीत तेवढ्यासाठी चार सुटे शब्द लागतात. त्यामुळे ४२ शब्द वाचून गोष्ट नीट सांगणाऱ्या मुलीला मागे पडलेली ठरवणे अन्यायाचे आहे. वेग लिहून ठेवा, निर्णय मात्र आकलनावर घ्या. तीन प्रश्न विचारा: एक उताऱ्यात सरळ उत्तर असलेला, एक ‘का’ असा आणि एक ‘पुढे काय होईल’ असा. सरळ उत्तर सगळ्यांना येते आणि ‘का’ला वर्ग गप्प, असे दिसले तर त्या शाळेत वाचून दाखवणे होते, वाचलेल्यावर बोलणे होत नाही.

धारणी-चिखलदऱ्यात कोरकू, धडगाव-अक्कलकुव्यात भिली आणि पावरी, भामरागडला माडिया बोलणारी मुले आहेत. तिथे उतारा मराठीच ठेवा, पण प्रश्न घरच्या भाषेत विचारा आणि उत्तरही त्याच भाषेत घ्या. त्यासाठी भाषा जाणणारे पालक सोबत घ्या, व्यवस्थापन समितीतले असले तर उत्तम. मराठीत गप्प बसलेले मूल कोरकूत अख्खी गोष्ट सांगते तेव्हा उपायच बदलतो: त्याला मराठी बोलण्याचा सराव हवा असतो, बाराखडी पुन्हा गिरवून घ्यायची नसते.

गणित

बरोबर-चूक एवढेच नोंदवले तर निम्मी माहिती वाया जाते. ५२ वजा ३८ द्या. उत्तर २६ आले तर मुलाने प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. हातचा त्याला समजलेला नाही. उत्तर १३ किंवा १५ आले तर पद्धत कळली आहे, मोजण्यात घसरले आहे. ‘तीनशे चार’ लिहायला सांगा. ३००४ लिहिले तर स्थानिक किंमत कच्ची आहे आणि वजाबाकीची आणखी शंभर गणिते घालून ती पक्की होणार नाही. प्रत्येक उत्तरानंतर ‘कसं केलंस, सांग बरं’ असे विचारा आणि मुलाचे शब्द तसेच उतरवून घ्या. शेवटी एक शाब्दिक उदाहरण आधी वाचायला द्या, मग तेच तोंडी सांगा. तोंडी सुटले आणि वाचून सुटले नाही, तर अडचण वाचनात आहे.

वही

ज्या मुलांची चाचणी घेतली त्यांच्याच वह्या मागवा. निवडक सुंदर वह्यांचा गठ्ठा पुढे आला तर तो बाजूला ठेवा. एकाच वर्गातल्या तीन वह्या शेजारी उघडा. तिन्हींत ‘माझा आवडता प्राणी’ शब्दशः सारखा असेल तर तो फळ्यावरून उतरवलेला आहे. मुलाचे स्वतःचे वाक्य शोधा, चुकीचे का असेना. पूर्ण वहीत असे एकही वाक्य नसेल तर लेखन शिकवले जात नाही हे लिहा. मग लाल शाईकडे पाहा. चुकीवर बरोबरची खूण आहे का? चूक दाखवल्यानंतर मुलाने ती दुरुस्त केली आहे का? तारखांमधले मोठे खंड हजेरीपटाशी ताडून पाहा: मूल हजर असून वही कोरी असेल तर ते दिवस कुठल्या प्रशिक्षणात, सर्वेक्षणात किंवा कार्यक्रमात गेले ते विचारा. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवले आहे. त्यातले प्रत्यक्ष किती झाले याचा खरा हिशेब वहीतच सापडतो.

वर्गात

पूर्ण तासिका बसा, मागच्या बाजूला. दर तीन मिनिटांनी दोनच गोष्टी लिहा: या क्षणी शिक्षक काय करत आहेत आणि किती मुले कामात आहेत. दहा-बारा नोंदी झाल्या की तासाचे चित्र उभे राहते. शिक्षकांनी प्रश्न कोणाला विचारला आणि उत्तरासाठी किती थांबले हेही पाहा. दोन सेकंदांत शिक्षकच उत्तर देत असतील तर मुले विचार करायचे सोडून देतात.

द्विशिक्षकी शाळेत एकच शिक्षक दोन-तीन इयत्ता सांभाळतात. तिथे ज्या इयत्तेला शिकवले जात नाही ती मुले काय करतात, हेच पाहायचे. त्यांच्यापुढे स्वतःचे काम असेल तर तो शिक्षक कुशल आहे आणि शेऱ्यात ते ठळक लिहायला हवे.

मध्येच उठून शिक्षकांना सुधारू नका, स्वतः फळ्यापुढे जाऊ नका. मुलांसमोर शिक्षकांचा पाणउतारा झाला की त्या शाळेत पुढच्या वेळी खरे काही दिसणार नाही.

दफ्तर

याला अर्धा तास. त्या दिवशीची मुलांची शिरगणती, हजेरीपट आणि पोषण आहाराची नोंद हे तीन आकडे जुळतात का, समितीच्या शेवटच्या सभेत काय ठरले आणि ते झाले का, अनुदानाचा खर्च कशावर झाला. बाकीचे लेखापरीक्षणाचे काम आहे.

निष्कर्ष काढताना

पूर्ण शाळेला एक श्रेणी देऊ नका. इंग्लंडमध्ये ऑफस्टेड ही तपासणी संस्था शाळांना एकच एकत्रित शेरा देत असे. तिथल्या एका प्राथमिक शाळेची बहुतेक अंगे चांगली ठरली, पण बालसुरक्षेतल्या त्रुटींमुळे एकूण शेरा सर्वांत खालचा आला. त्या काळात मुख्याध्यापिकेने जीव दिला; मृत्यूच्या न्यायालयीन चौकशीत तपासणीचाही त्याला हातभार लागल्याचे नोंदले गेले. सप्टेंबर २०२४ पासून तिथे सरकारी शाळांसाठी हा एकत्रित शेरा बंद झाला. सुरक्षिततेची त्रुटी गंभीरच असते आणि ती लगेच दुरुस्त व्हायला हवी, पण तिच्यावरून वाचन-गणिताबद्दल काहीच कळत नाही. म्हणून प्रत्येक अंगाचा निष्कर्ष वेगळा लिहा.

टक्केवारीही जपून वापरा. चौथीत चार मुले असतील तर एक मूल म्हणजे २५ टक्के. एक कुटुंब गाव सोडून गेले की शाळा ‘घसरते’. लहान पटाच्या शाळेत ‘चारपैकी दोन मुले परिच्छेदावर, एक शब्दांवर, एक गोष्टीवर’ असेच लिहा आणि त्याच मुलांची मागची पातळी शेजारी ठेवा. शेजारच्या शाळेशी तुलना नको.

दोन तपासणारे एकाच मुलाला वेगवेगळी पातळी देतात, हे नेहमी घडते. केंद्राच्या शिक्षण परिषदेत तासभर यासाठी काढा: एका मुलाचे वाचन सगळ्यांनी ऐकायचे, पातळी स्वतंत्र लिहायची, मग चिठ्ठ्या उघडायच्या. जिथे फरक पडला तिथे नियम पुन्हा वाचायचा. हे केल्याशिवाय दोन केंद्रांचे आकडे एकत्र करू नयेत.

शाळासिद्धी या शाळांच्या स्वयंमूल्यमापनातली सात क्षेत्रे किंवा नव्या गुणवत्ता आराखड्यातली मानके भरताना शाळा स्वतःला वरची पातळी देतात, कारण खालची पातळी दिली तर खुलासा मागितला जातो. आधी तो खुलासा मागणे थांबवा. शाळेने स्वतःहून सांगितलेल्या उणिवेवर कारणे दाखवा नोटीस निघाली, तर तालुक्यातली पुढची सगळी स्वयंमूल्यमापने खोटी येतील. भ्रष्टाचार, मारहाण, मुलांची असुरक्षितता यांची चौकशी वेगळ्या मार्गाने आणि ताबडतोब व्हावी. अध्यापनाच्या भेटीत ती मिसळू नये.

शेरा

शेऱ्यात तीनपेक्षा जास्त मुद्दे नकोत. ‘गणिताकडे लक्ष द्यावे’ याऐवजी असे लिहा: ‘तिसरीतल्या तपासलेल्या सातपैकी पाच मुलांना हातच्याची वजाबाकी येत नाही, चार मुले लहान अंक मोठ्यातून वजा करतात. वर्गशिक्षकांनी सहा आठवडे रोज २० मिनिटे दशकांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या वापरून सराव घ्यावा. केंद्रप्रमुखांनी दुसऱ्या आठवड्यात वर्गात बसून एक तास सोबत घ्यावा. गणित पेटीतल्या काड्या अपुऱ्या आहेत. गटसाधन केंद्राने (तालुक्याच्या शैक्षणिक साहाय्य केंद्राने) त्या १५ दिवसांत द्याव्यात.’ यात शेवटचे वाक्य नेहमी हवे. कार्यालयाने काय करायचे ते लिहिले नाही तर सगळा भार शिक्षकांवर ढकलला जातो.

शेरा पक्का करण्याआधी तो शिक्षकांना वाचून दाखवा आणि त्यांचे म्हणणे त्याच पानावर घ्या. एखादा निष्कर्ष त्यांना मान्य नसेल तर त्याच मुलाला दोघांनी मिळून पुन्हा ऐका. समितीसाठी वेगळे अर्धे पान साध्या भाषेत लिहा, मुलांची नावे न घालता.

सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा जा, या वेळी फक्त दोन तासांसाठी. तीच मुले, नवा उतारा, तसलीच नवी गणिते. पाचपैकी तिघांना हातचा जमू लागला असेल तर उपाय चालू ठेवा. एकालाही जमला नसेल तर आधी काड्या पोहोचल्या का ते विचारा, मग तास खरोखर झाले का ते वहीत पाहा. दोन्ही झाले असूनही फरक नसेल तर निदान चुकले आहे: त्या मुलांना दहाचा गठ्ठा सोडवून सुटे करता येतात का, तिथून पुन्हा सुरू करा.