गेटवरची नोकरी: सिक्युरिटीत नव्याने येणाऱ्यांसाठी

नवीन पोरांना वाटतं, गार्डचं काम म्हणजे माणसं अडवणं. मॉल आणि रुग्णालय करून मी मेट्रोच्या गेटवर आलो, आणि माझं मत उलट झालंय. आपलं काम माणसं आत सोडण्याचं आहे. फक्त ती बघून सोडायची आणि तुंबू द्यायची नाहीत.

आधी कागदपत्रांचं उरकतो. खासगी एजन्सीतून येणार असाल तर २००५च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालचं प्रशिक्षण लागतं. या धंद्यात सगळे त्या कायद्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून (PSARA) ‘पसारा’ म्हणतात. १०० तास वर्गात, ६० तास प्रत्यक्ष जागेवर, आणि हे किमान २० कामाच्या दिवसांत. माजी सैनिक आणि पोलिसांना कमी. पैसे घेऊन दोन दिवसांत सर्टिफिकेट हातात ठेवणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. कागद मिळेल, पण बॅगा तपासायच्या एक्स-रे मशीनसमोर बसल्यावर काही कळणार नाही. दुसरा रस्ता सुरक्षा रक्षक मंडळाचा. १९८१च्या राज्याच्या कायद्याने ही मंडळं आली. इथे नोंदणी झाली की मालक पगार मंडळाकडे भरतो आणि तो मंडळाकडून तुम्हाला मिळतो, मध्ये एजन्सी नाही. तिसरा महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचा, २०१०च्या कायद्याने उभं राहिलेलं. मुंबई मेट्रोवर त्यांचे जवान दिसतात. मंडळाची किंवा महामंडळाची जाहिरात आली तर अर्ज सोडू नका, एवढंच सांगेन.

आता खऱ्या कामाचं. मुंबईत लोकल आणि मेट्रो जिथे भेटतात त्या घाटकोपरला एकदा संध्याकाळी सहानंतर नुसतं उभं राहून बघा. लोकलचं स्टेशन चहूबाजूंनी उघडं. रोज ७० लाखांच्या आसपास माणसं लोकलने जातात, त्यांची झडती घ्यायची म्हटली तर शहर थांबेल. ११ जुलै २००६चे लोकलमधले स्फोट आणि २६ नोव्हेंबर २००८चा सीएसटीवरचा हल्ला, यानंतर स्टेशनांवर मेटल डिटेक्टरच्या चौकटी वाढल्या. गर्दीच्या वेळी त्या वाजत राहतात आणि कोणी मागे वळूनही बघत नाही. मेट्रो मात्र पहिल्यापासून बंदिस्त बांधलेली. वर्सोवा-घाटकोपर मार्ग जून २०१४मध्ये सुरू झाला तेव्हापासून बॅग मशीनमध्ये, माणूस चौकटीतून, मग तिकिटाचं गेट, असाच क्रम आहे. लोकलमधून उतरलेला माणूस त्याच धावत्या अंगाने मेट्रोत शिरतो आणि पहिल्यांदा आपल्यापाशी थांबतो. त्याची चिडचिड आपल्या वाट्याला येणारच.

म्हणून स्कॅनरसमोरच्या रांगेवर नजर ठेवा. रांगेत उभा असलेला एकही माणूस अजून तपासलेला नसतो, आणि तो दाटीत उभा असतो. घातपात करणाऱ्याला आत शिरायची गरजच काय? आणि घातपात नसला तरी गर्दी एकटी पुरते. २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ माणसं गेली, तिथे ना बॉम्ब होता ना हत्यार. पाऊस, अरुंद जिना आणि मागून येणारा रेटा. रांगेचं शेपूट सरकत्या जिन्याच्या तोंडाशी पोहोचायच्या आत स्टेशन कंट्रोलरला वॉकीटॉकीवर सांगा. वर जागा नसताना जिना माणसं आणून ओततच राहतो. खालीच थोडी थोडी माणसं सोडायची की जिना थांबवायचा, हे कंट्रोलर ठरवेल. पण जिन्याचं तोंड त्याच्या आधी तुम्हाला दिसतं.

मशीनवर बसायला सगळ्यांना आवडतं, कारण बसायला मिळतं. पडद्यावर सेंद्रिय वस्तू नारिंगी, धातू निळा, मिश्र किंवा हलकं ते हिरवं, आणि किरण आरपार गेले नाहीत तिथे काळं. कपडे, भाकरी, पुस्तकं, साबण सगळं नारिंगीच. स्फोटकंसुद्धा बहुतेक त्याच रंगात येतात, हे विसरू नका. रंगापेक्षा आकार आणि तारा बघा. एकावर एक ठेवलेले स्टीलचे डबे, लॅपटॉपवर पॉवर बँक, गणपतीच्या दिवसांत नारळांनी भरलेल्या पिशव्या, यांची चित्रं चांगली ओळखीची करून घ्या, म्हणजे वेगळं काही आलं की पट्टा आपोआप थांबवाल. वीसेक मिनिटांनी नजर मरते. तेव्हा माणूस बदला, अभिमान धरू नका. हत्यारांची पिशवी घेऊन सुतार किंवा प्लंबर आला तर आवाज चढवू नका, ती त्याची रोजीरोटी आहे. मनाई असलेल्या वस्तूंची यादी दाखवा, सुपरवायझरला बोलवा.

झडतीत हात नाही, हातातला मेटल डिटेक्टर फिरतो, तोही अंगाला न टेकवता. बाईची तपासणी बाईच करणार, आडोशाला. महिला गार्ड जागेवर नसेल तर थांबायचं, ‘जाऊ दे, पटकन बघतो’ हे कधीच नाही. “काका, खिशात चाव्या आहेत का?” असं आधी विचारलं की निम्मं भांडण तिथेच संपतं. हे मी रुग्णालयाच्या गेटवर शिकलो. एका पासवर एकच नातेवाईक, आणि समोर रडणारं अख्खं घर. तिथे नियम हळू आवाजात सांगावा लागतो.

बेवारस बॅग बहुतेक वेळा कुणाचा तरी विसरलेला डबाच निघतो. तरी हात लावायचा नाही, हलवायची नाही, तिच्याजवळ उभं राहून मोबाइल किंवा वॉकीटॉकी वापरायचा नाही. लांब जाऊन कळवा, लोकांना मागे घ्या, पुढचं पोलीस आणि बॉम्बशोधक पथक बघेल.

आगीचा अलार्म वाजला की तिकिटाची गेटं उघडी पडतात. त्या वेळी तिकीट विचारत बसणारा गार्ड मी पाहिलाय. आणि एका ठिकाणी, नाव नको, आपत्कालीन दाराला कुलूप पाहिलंय. चोऱ्या होतात म्हणे. असं दिसलं तर तोंडी बोलून सोडू नका, लेखी द्या आणि पोच घ्या.

बाकी बारा तास उभं राहायचं, त्यामुळे बूट स्वतःच्या पैशाने चांगले घ्या, युनिफॉर्मसोबत मिळतात ते पाय सोलतात. डबल ड्यूटीचा मोह होतो, पण दुसऱ्या शिफ्टमध्ये पडद्यावर बसू नका. रिलिव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा गार्ड, आल्याशिवाय पॉइंट, म्हणजे आपली नेमून दिलेली जागा, सोडायचा नाही. आणि चार्ज देताना रजिस्टरमध्ये नुसतं ‘सर्व ठीक’ लिहू नका. वॉकीटॉकी किती, चाव्या किती, कुठली चौकट बंद आहे, कुठल्या तक्रारीचं उत्तर अजून आलेलं नाही, हे लिहा आणि समोरच्याची सही घ्या.