मेल कुठे अडला? गोव्यात मेल सर्व्हरचं काम शिकणाऱ्यांसाठी

कार्यालयातून येणारी तक्रार बहुतेक वेळा एवढीच असते: “मेल पाठवला, पण समोर पोचला नाही.” कळंगुटच्या हॉटेलचा आरक्षण विभाग असो, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतला औषध कारखाना असो, की वास्कोत बसून जहाजांची कागदपत्रं पाठवणारा शिपिंग एजंट, वाक्य तेच. तो मेल या क्षणी नेमका कुठे आहे, हे लॉग (सर्व्हर स्वतः लिहीत जातो त्या नोंदी) वाचून सांगता येणं म्हणजेच हे काम येणं. सॉफ्टवेअर बसवणं त्यामानाने सोपं, ते चार दिवसांत जमतं.

म्हणून शिकायला सुरुवात हाताने मेल पाठवण्यापासून करा. 8 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर लिनक्सच्या दोन व्हर्च्युअल मशीन घ्या, दोन्हींवर पोस्टफिक्स हे मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर, आणि नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून द्यायला तिसऱ्या लहान मशीनवर डीएनएस. घरच्या ब्रॉडबँडवर आणि बऱ्याच क्लाउडवर बाहेर जाणारा पोर्ट 25 (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार) बंद असतो, त्यामुळे सराव लॅपटॉपच्या आतच बरा. एका मशीनवरून दुसरीच्या पोर्ट 25 ला टेलनेट करा, म्हणजे थेट जोडून हाताने आज्ञा टाइप करा. ‘ईएचएलओ’ने ओळख सांगा, ‘मेल फ्रॉम’ने पाठवणारा, ‘आरसीपीटी टू’ने घेणारा, मग ‘डेटा’, मजकूर, आणि शेवटी एका ओळीत नुसतं टिंब. त्या टिंबानंतर समोरून 250 (“मिळालं” असं सांगणारा कोड) आलं की त्या मेलची जबाबदारी समोरच्या सर्व्हरची.

हे हाताने केल्यावर लक्षात येतं की ‘मेल फ्रॉम’मधला पत्ता हा पाकिटावरचा आणि वाचणाऱ्याला दिसणारा ‘फ्रॉम’ हा आतल्या कागदावरचा. दोन्ही वेगळे असू शकतात. एसपीएफ (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची डीएनएसमधली नोंद) पाकीट तपासतं. डीकेआयएम मजकुरावर डिजिटल सही करतं. डीमार्क पाहतं की कागदावरचं डोमेन या दोघांपैकी निदान एकाशी जुळतं का. एवढं पक्कं झालं की पुढचे निम्मे घोळ आपोआप उलगडतात.

आता लॉगची ओळ. पोस्टफिक्स प्रत्येक मेलला रांगेचा एक क्रमांक देतं. तो घेऊन लॉगमध्ये शोधलं की त्या मेलच्या चार-पाच ओळी हाती लागतात. ‘रिले’पुढे समोरच्या सर्व्हरचं नाव, ‘स्टेटस’पुढे सेंट (गेला), डिफर्ड (अडला, पुन्हा प्रयत्न होईल) किंवा बाउन्स्ड (परत आला), आणि ‘डिलेज’पुढे तिरक्या रेघांनी तोडलेले चार आकडे. नवशिके हे आकडे वाचतच नाहीत, आणि खरी माहिती तिथेच असते. समजा 0.2/0.01/30/0.5 असं दिसलं. पहिला आकडा मेल आल्यापासून पाठवणीच्या रांगेत शेवटचा शिरेपर्यंतचा, म्हणजे आधी अडकून राहिला असेल तर ते तासही यातच. दुसरा त्या रांगेतला. तिसरा जोडणीचा, त्यात डीएनएस आणि टीएलएसही (जोडणी सांकेतिक करण्याची पायरी) आलं. चौथा प्रत्यक्ष मजकूर जाण्याचा. इथे 30 सेकंद जोडणीत गेले, म्हणजे बघायचं ते डीएनएस, फायरवॉल किंवा समोरच्या सर्व्हरकडे. चौथा फुगलेला असेल तर लाइन मंद किंवा जोडपत्र जड.

मग उत्तराचा कोड. 4 ने सुरू होणारा म्हणजे “आत्ता नाही, नंतर या”. 451 बरेचदा ग्रेलिस्टिंगचा (अनोळखी सर्व्हरला पहिल्यांदा मुद्दाम नंतर यायला सांगण्याचा) असतो, काही मिनिटं थांबलं की मेल जातो. 5 ने सुरू होणारा म्हणजे कायमचा नकार. त्यापुढचं वाक्य पूर्ण वाचा, नकाराचं कारण तिथेच लिहिलेलं असतं. 5 च्या कोडवर पोस्टफिक्स मेल लगेच परत पाठवतं, 4 च्या कोडवर मात्र मूळ सेटिंगमध्ये 5 दिवस प्रयत्न करतं आणि मगच परत पाठवतं. तेव्हा रांग हाताने पुन्हापुन्हा ढकलू नका. समोरचा सर्व्हर आणखी संशय घेतो.

गोव्यात हॉटेलांच्या मेलमध्ये एक दुखणं फार दिसतं. आरक्षणाची प्रणाली बाहेरची, जाहिरातीचे मेल पाठवणारी सेवा वेगळी, हिशेबाचं सॉफ्टवेअर तिसऱ्याचं, आणि सगळे हॉटेलच्याच डोमेनने मेल पाठवतात. प्रत्येकासाठी एसपीएफमध्ये एकेक ‘इन्क्लूड’ (त्या सेवेची यादी जोडणारा शब्द) वाढत जातं. एसपीएफला डीएनएसच्या 10 चौकश्यांचीच मुभा आहे, आणि इन्क्लूडच्या पोटातली इन्क्लूडही त्यात मोजली जातात. अकरावी झाली की तपासणी कायमची चूक म्हणून बाद होते आणि पाहुण्याचं आरक्षणपत्र स्पॅममध्ये जातं. कोणी नवी सेवा देणारा आला म्हणून दुसरी वेगळी एसपीएफ नोंद टाकली तरी तोच परिणाम. एका डोमेनला एकच नोंद. उपाय असा: जाहिरातीच्या मेलना उपडोमेन द्या, वापरात नसलेली इन्क्लूड काढा, प्रत्येक सेवेकडून आपल्या डोमेनची डीकेआयएम सही करून घ्या. डीमार्क आधी ‘नन’वर (नुसते अहवाल) ठेवा, काही आठवडे अहवाल वाचा, मगच ‘क्वारंटाइन’ (स्पॅममध्ये टाका) आणि पुढे ‘रिजेक्ट’ (नाकारा). फेब्रुवारी 2024 पासून जीमेलने जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला 5000 च्या वर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क हे तिन्ही सक्तीचं केलं आहे.

सगळ्यात वाईट दिवस म्हणजे कोणाचा तरी पासवर्ड चोरीला जातो तो. चवथीच्या सुट्टीत कार्यालय रिकामं असताना असं घडलं तर रांगेत हजारो मेल साचेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. अशा वेळी क्रम महत्त्वाचा. आधी रांग होल्डवर टाका. मग लॉगमध्ये ‘सासल यूजरनेम’वरून (लॉगिन करणाऱ्याचं नाव) खातं ओळखा, पासवर्ड बदला आणि चालू सत्रंही तोडा, नुसता पासवर्ड बदलून आत बसलेला माणूस बाहेर जात नाही. त्यानंतर खात्यातले फॉरवर्डिंगचे नियम तपासा. बिलाचे मेल गुपचूप दुसरीकडे वळवणारा नियम तिथेच लपवलेला असतो, आणि पैशांची फसवणूक त्यातूनच होते. शेवटी आपला आयपी काळ्या यादीत गेला असेल तर काढून घेण्याची विनंती. कारण दूर होण्याआधी केली तर तो पुन्हा यादीत जातो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार अशी घटना 6 तासांत कळवायची असते आणि लॉग 180 दिवस ठेवायचे असतात. बऱ्याच लिनक्सवर लॉग चारेक आठवड्यांनी पुसले जातात, ते सेटिंग पहिल्याच दिवशी बदला.

डिस्कबद्दल थोडक्यात. मेलडिर या साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक मेल ही एक फाइल, त्यामुळे जागा शिल्लक असूनही आयनोड (डिस्कवर प्रत्येक फाइलला लागणारी एक नोंद) संपतात आणि मेल येणं थांबतं. ‘डीएफ’ला ‘आय’ पर्याय जोडून रोज बघा. जोडपत्र पाठवताना सुमारे एक तृतीयांशाने फुगतं, म्हणून पोस्टफिक्सच्या मूळ सुमारे 10 एमबीच्या मर्यादेत 8 एमबीची पीडीएफ जात नाही.

बऱ्याच कंपन्या आता मायक्रोसॉफ्ट 365 किंवा गुगल वर्कस्पेसवर गेल्या आहेत. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या मेल सर्व्हरच्या 2016 आणि 2019 आवृत्त्यांचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळे स्थलांतराचं काम भरपूर. एमएक्स (डोमेनचे मेल कोणत्या सर्व्हरने घ्यायचे हे सांगणारी डीएनएसमधली नोंद) बदलण्याच्या दोन दिवस आधी तिचा टीटीएल, म्हणजे बाहेरच्यांनी ती लक्षात ठेवायचा काळ, 300 सेकंदांवर आणा, नाहीतर जुन्या सर्व्हरवर मेल येत राहतात. या सेवांमध्ये लॉगऐवजी मेसेज ट्रेस (मेलच्या प्रवासाचा अहवाल) वाचायचा, पण एसपीएफ आणि डीमार्क तुमच्याच गळ्यात राहतात.

सर्व्हर कार्यालयातच असेल तर पावसाळ्याआधीच्या विजांचा कडकडाट सुरू होण्याआधी यूपीएसची बॅटरी खऱ्या भारावर तपासा आणि बॅटरी 30 टक्क्यांवर आली की सर्व्हर स्वतःहून नीट बंद होईल असं लावून ठेवा. वीज परतल्यावर क्रम असा: राउटर, डीएनएस, स्टोरेज, शेवटी मेल. डीएनएसआधी मेल उठला तर समोरचं कोणतंच नाव सापडत नाही आणि सगळे मेल डिफर्ड होऊन बसतात. आपला सर्व्हर बंद असताना मेल घेणाऱ्या राखीव एमएक्सची धावपळ करू नका. बाहेरचे सर्व्हर साधारण चार-पाच दिवस प्रयत्न करत राहतात, आणि नीट न राखलेल्या राखीव एमएक्समधून स्पॅमच जास्त शिरतो.