बोटीचं पेट्रोल वाटेतच संपतंय? रेसच्या या चुका टाळा

कृष्णेला पाणी चढलं की कल्लोळ-यडूरसारखे बंधारे पाण्याखाली जातात आणि चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या कितीतरी वस्त्यांना बोटीशिवाय वाट उरत नाही. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत आपण सगळ्यांनी हे बघितलंय. अशा दिवसांत निघताना भरपूर वाटलेला कॅन परतीच्या वाटेवर तळ दाखवतो, आणि मग इंजिनाला बोल लावला जातो. इंजिन उघडण्याआधी रेस कशी दिली जाते ते बघा. निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात.

रेसची मूठ शेवटपर्यंत पिळून ठेवणं

बोटीला ढकलणारा इंजिनाचा पंखा फिरवायला लागणारी ताकद आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या, जवळपास घनाच्या प्रमाणात वाढते. ५००० वरून ४००० वर आलात, म्हणजे रेस पाचव्या हिश्श्यानं उतरवली, तर लागणारी ताकद जवळजवळ निम्मी होते. जड, गोल बुडाच्या नावेचा वेग मात्र फार तर पाचव्या हिश्श्यानंच कमी होतो. त्याच पेट्रोलवर कागदावर दीडपट पल्ला मिळतो. कमी रेसवर इंजिन थोडं अकार्यक्षम चालतं म्हणून प्रत्यक्षात त्याहून जरा कमी धरा.

अशा नावेला लांबीनुसार वेगाची मर्यादाही असते. पाण्याच्या रेषेवर १६ फूट लांब असेल तर साधारण १० किलोमीटर ताशी. त्यापुढं नाव स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला बघते. मागं वळून बघा: बूड खाली दबलंय, मागं पाण्याचा उंचवटा उभा राहिलाय आणि आवाज वाढला तरी काठावरची झाडं पहिल्याइतक्याच सावकाश मागं जाताहेत, तर तेवढं पेट्रोल नुसती लाट उठवण्यात चाललंय.

नाक वर करून अध्येमध्ये रेंगाळणं

सपाट बुडाच्या बचाव बोटींचं गणित वेगळं. त्या वेग घेतला की पाण्यावर उचलल्या जाऊन सरकायला लागतात, आणि सगळ्यात जास्त पेट्रोल खातात ते उचललं जाण्याच्या अलीकडच्या टप्प्यात. नाक आभाळाकडं आणि बूड पाण्यात, अशा अवस्थेत त्यांना ठेवू नका. मोकळ्या पाण्यात हलकी बोट असेल तर रेस देऊन पटकन वर काढा आणि ती सपाट झाल्यावर मूठ थोडी मागं घ्या. माणसं जास्त असतील आणि बोट उचललीच जात नसेल, तर हट्ट सोडून पूर्ण सावकाश चला. गल्लीत पाणी शिरलेलं असेल तिथं तर सावकाशच. तुमची लाट भिजलेल्या मातीच्या भिंतीवर आपटते. ते कुणाचं तरी घर आहे.

धारेचा हिशेब न करणं

ही चूक मला सगळ्यात धोक्याची वाटते. समजा साचलेल्या पाण्यात बोट ताशी १० किलोमीटर चालते आणि नदीला ४ ची ओढ आहे. धारेबरोबर १२ किलोमीटर जायला ५१ मिनिटं लागतील. परत यायला दोन तास. त्याच रेसवर ३० टक्के पेट्रोल जाताना आणि ७० टक्के येताना लागतं. ‘एक हिस्सा जायला, एक यायला, एक शिल्लक’ हा नियम साचलेल्या पाण्यात चांगला आहे, पण इथं २० लिटरचा तिसरा हिस्सा जाताना संपवलात तर परतीला साडेपंधरा लिटर लागतील आणि कॅनमध्ये असतील तेरा-सव्वातेरा. शक्य असेल तर आधी धारेच्या विरुद्ध जा.

उलटी चूकही होते. पेट्रोल वाचवायचं म्हणून धारेविरुद्ध अगदी मंद रेसवर चालणं. ४ च्या धारेत बोट ५ नं चालवली तर काठाच्या हिशेबानं तुम्ही तासाला एकच किलोमीटर पुढं सरकता आणि इंजिन तासन् तास चालू राहतं. धारेच्या वेगाच्या निदान दीडपट वेग ठेवा, म्हणजे इथं ६ च्या खाली येऊ नका.

रेस आणि वेग जुळत नसेल तर

रेस चढते पण बोट पुढं जात नाही: इंजिन फार वर बसलंय आणि पंखा हवा ओढतोय, किंवा पंख्याच्या आतला रबर सुटलाय. जलपर्णी, जुनी साडी, खताचं पोतं पंख्यात गुंतलं तरी बोट अडते. ते काढताना इंजिन आधी बंद करा, किल-स्विचची (इंजिन तोडणाऱ्या बटणाची) दोरी ओढून काढा, मगच हात घाला.

पूर्ण मूठ पिळूनही रेस चढत नाही: आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडलाय का बघा. तो बंद असला की इंजिन उपाशी राहतं. मग फिल्टर, मग बोटीत साठलेलं पाणी. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन. एवढं करूनही इंजिन कंपनीनं सांगितलेल्या कमाल आरपीएमपर्यंत जात नसेल तर पंख्याचा पिच, म्हणजे एका फेरीत तो जेवढं पुढं सरकू बघतो ते अंतर, जास्त आहे. एक इंच पिच कमी केला की साधारण दीडशे ते दोनशे आरपीएम वाढतात. नेहमीचं वजन बोटीत ठेवूनच ही चाचणी घ्या.

आणि पावसाळ्याआधी एक सकाळ यासाठी काढा. हिडकलच्या जलाशयासारखं साचलेलं पाणी आणि परवानगी असेल तिथं, पारदर्शक कॅनवर मार्करनं लिटरच्या रेघा मारा. मोबाइलच्या जीपीएसवर अंतर बघत तेच तीन किलोमीटर तीन वेगवेगळ्या रेसवर जाऊन या, आणि प्रत्येक वेळी रेघ कुठं उतरली ते पेन्सिलनं कॅनवरच लिहून ठेवा.