मधुमेहासाठी वनस्पतींच्या अर्काची चाचणी: या चुका टाळा

अर्काने अमायलेज (स्टार्चची साखर करणारं एन्झाइम) नव्वद टक्के रोखलं, की आधी टॅनिनवर (वनस्पतींतल्या तुरट द्रव्यावर) संशय घ्या. जांभळाच्या बिया आणि डाळिंबाच्या सालीत ते भरपूर असतं आणि समोर येईल त्या प्रथिनाला ते चिकटतं. एन्झाइमचं काम थांबतं खरं, पण औषधी गुणामुळे नव्हे. १ मिली अर्कात १ मिली पाणी व १०० मिग्रॅ पीव्हीपीपी (टॅनिन धरून ठेवणारी, न विरघळणारी पूड) घालून ४ अंशांवर १५ मिनिटं ठेवा, सेंट्रिफ्यूज करा आणि वरचं द्रावण पुन्हा तपासा. आकडा कोसळला तर श्रेय टॅनिनचं. पीव्हीपीपी इतर फिनॉलिकही ओढून घेतं, त्यामुळे लगेच झाड मोडीत काढू नका.

डीएनएसए पद्धतीत (तयार झालेली साखर रंगावरून मोजण्याच्या) उलटा घोटाळा होतो. अर्कातली स्वतःची साखर आणि रंग ५४० नॅनोमीटरवर वाचन वाढवतात, अवरोध कमी दिसतो, कधी उणेसुद्धा. म्हणून प्रत्येक तीव्रतेला वेगळा ब्लँक (ज्याचं वाचन वजा करायचं ते मिश्रण) हवा: अर्क, बफर, स्टार्च सगळं, फक्त एन्झाइम नाही. एकच ब्लँक सगळ्यांना लावणं ही सर्रास होणारी चूक. अल्फा-ग्लुकोसिडेजच्या चाचणीत पीएनपीजी (एन्झाइमने तोडल्यावर पिवळा रंग देणारं रसायन) वापरताना पिवळट अर्क ४०५ नॅनोमीटरला हाच त्रास देतो.

यीस्टचं अल्फा-ग्लुकोसिडेज (ग्लुकोज सुटं करणारं एन्झाइम) अकार्बोजला, म्हणजे तुलनेसाठी वापरल्या जाणाऱ्या मधुमेहाच्या औषधाला, फारशी दाद देत नाही. त्यामुळे साधा अर्कही ‘अकार्बोजपेक्षा सरस’ ठरतो आणि प्रबंधात तसं छापूनही येतं! उंदराच्या आतड्यातलं एन्झाइम घेऊन पडताळा. डीएमएसओ (अर्क विरघळवायचं द्रावक) अंतिम मिश्रणात १ टक्क्याच्या आत ठेवा. तेवढंच डीएमएसओ कंट्रोलमध्येही (अर्क नसलेल्या मिश्रणात) घाला.

नागपूरचा मे महिना वेगळाच. टाकीचं पाणी इतकं तापतं की रोटरी इव्हॅपोरेटरच्या (अर्कातलं द्रावक उडवणाऱ्या यंत्राच्या) कंडेन्सरमध्ये इथेनॉल नीट थंडच होत नाही, वाफ व्हॅक्यूम पंपाकडे जाते. बर्फाचं पाणी पंपाने फिरवा. पाला उन्हात नको, सावलीत वाळवा.

स्ट्रेप्टोझोटोसिन (उंदरांत मधुमेह घडवणारं औषध) ०.१ मोलर सायट्रेट बफरमध्ये, पीएच ४.५ ला, बर्फावर विरघळवा आणि लगेच टोचा. बाटली टेबलावर राहिली की औषध विघटित होतं, निम्मे उंदीर मधुमेही होतच नाहीत आणि दोष अर्कावर येतो. टोचल्यानंतरच्या पहिल्या रात्री ग्लुकोजचं पाणी ठेवा. स्वादुपिंडातल्या, इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी फुटून इन्शुलिन एकदम सुटतं, साखर घसरते आणि उंदीर दगावतात. रक्तातली साखर ७२ तासांनी मोजून, मधुमेही ठरलेलेच गटांत वाटा. प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी मात्र उंदीर मागवण्याआधी हातात हवी.