आपल्याच माणसांना न पटणारं लिहायचं असेल तर
आधी तुर्कस्तानातले आर्मेनियन पत्रकार ह्रांत डिंक समजून घ्या. १९९६ मध्ये त्यांनी इस्तंबूलला ‘आगोस’ हे तुर्की-आर्मेनियन साप्ताहिक काढलं. तुर्कस्तानात राहून ते १९१५ मध्ये ऑटोमन राजवटीत झालेल्या आर्मेनियन वंशसंहारावर उघड बोलले. तरी तो नाकारणं गुन्हा ठरवणाऱ्या फ्रान्सच्या विधेयकाला २००६ मध्ये त्यांनी विरोधच केला. परदेशातल्या बऱ्याच आर्मेनियनांना ते रुचलं नाही. १९ जानेवारी २००७ ला त्यांची हत्या झाली.

कर्नाटकातल्या मराठी सीमाभागात, खानापुरात बसून लिहिताना मी हे पाळते: काळ्या दिनाच्या, म्हणजे १ नोव्हेंबरला मराठी माणसं काढतात त्या निषेधाच्या, फेरीत दरवर्षी चालणाऱ्या काकांनाच मसुदा आधी वाचून दाखवायचा. ते चिडतील, चिडू देत. चूक मात्र तेच दाखवतात. कानडी सक्तीवर लिहिलंत, तर आपणच पोरं इंग्रजी शाळेत घातली, हेही त्याच लेखात लिहा. खाली स्वतःचं नाव घाला आणि घरच्यांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा.