दारात लाइटनिंग, तरी घरात अंधार? या चुका टाळा

जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळ आलं आणि अमेरिकेतल्या ह्यूस्टन परिसरातले २२ लाखांहून जास्त वीजग्राहक अंधारात गेले. तिकडे राहणाऱ्या आपल्या ज्या मंडळींच्या दारात फोर्डचा एफ-१५० लाइटनिंग, म्हणजे घरालाही वीज देऊ शकणारा इलेक्ट्रिक पिकअप ट्रक, उभा आहे, त्यांनी पुढच्या वादळाआधी हे तपासून घ्यावं. मोठ्या बॅटरीच्या ट्रकमध्ये १३१ युनिट वीज मावते, लहान बॅटरीच्या ट्रकमध्ये ९८. एवढा साठा असून घरात दिवा लागत नाही, तेव्हा दोष बहुतेक वेळा जोडणीत असतो.

सगळ्यात डोकं खाणारी तक्रार ही: ट्रकच्या मागच्या हौद्यातल्या २४० व्होल्टच्या सॉकेटमधून केबल घराच्या वीज-पॅनेलपर्यंत नेली, ब्रेकर वर केला आणि क्षणात ट्रकने पुरवठा तोडला. या सॉकेटला जीएफसीआय, म्हणजे करंटची गळती ओळखून पुरवठा तोडणारं संरक्षण असतं. बाहेर गेलेला करंट तेवढाच परत येतोय का, हे ते सतत मोजतं. घराच्या मेन पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र बांधलेले असतात, ट्रकच्या बाजूलाही ते जोडलेले असतात. मग न्यूट्रलने परतायचा करंट थोडा अर्थिंगच्या तारेनेही परततो आणि ट्रक ती गळती समजतो. साधा इंटरलॉक (मेन आणि ट्रकचा ब्रेकर एकाच वेळी चालू होऊ न देणारी पट्टी) न्यूट्रलला हात लावत नाही, म्हणून दहा वेळा रीसेट करूनही तेच होतं. घर ग्रिडवरून ट्रकवर नेताना न्यूट्रलही बदलणारा ट्रान्सफर स्विच परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून, परमिट काढून बसवून घ्या.

प्लगची अर्थिंगची पिन कापणं किंवा पॅनेलमधली जोडणी सोडवणं हा उपाय नव्हे. उद्या फ्रीजच्या पत्र्यात करंट उतरला तर ब्रेकर पडेलच याची खात्री राहत नाही. दोन्ही टोकांना प्लग लावलेली केबल ड्रायरच्या सॉकेटमध्ये खुपसणं तर त्याहून भयंकर. ती वीज उलटी ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाते, तिथे ती हजारो व्होल्टची होते, आणि खांबावर तुमचीच लाइन दुरुस्त करणारा माणूस जिवानिशी जातो.

ट्रकची क्षमता ९.६ किलोवॅट असली म्हणून सगळी एकाच सॉकेटमधून मिळेल असं धरू नका. हौद्यातून ७.२ मिळतात, उरलेले २.४ पुढच्या ट्रंकमधून. त्या ७.२ चेही दोन भाग पडतात. मायक्रोवेव्ह, इन्स्टंट पॉट आणि फ्रीज एकाच भागावर आले, तर दुसरा रिकामा असूनही पुरवठा तुटतो.

होम इंटिग्रेशन सिस्टिम, म्हणजे ट्रकला थेट घराच्या वायरिंगशी जोडणारी यंत्रणा, बसवली असेल तर वीज चार्जिंगच्या केबलमधूनच घरात येते. वीज जाते तेव्हा ती केबल ट्रकला लावलेली हवी आणि ट्रकच्या स्क्रीनवर बॅकअप पॉवर चालू हवी. यंत्रणा अंधारात सुरू व्हायला एक छोटी वेगळी बॅटरी असते. ती उतरली तर भरलेला ट्रकही कामाचा नाही. वादळांचा हंगाम १ जूनला सुरू होतो, त्याआधी मेन ब्रेकर पाडून एकदा खरी चाचणी घ्याच.

आता एसी. ९.६ किलोवॅट म्हणजे २४० व्होल्टवर ४० अँपिअर. मोठा सेंट्रल एसी चालताना त्यात बसतो, पण सुरू होताना क्षणभर १०० अँपिअरच्या वरही खेचू शकतो. बाहेरच्या युनिटच्या पाटीवर एलआरए, म्हणजे सुरू होतानाच्या या झटक्याचा आकडा बघा आणि तो झटका कमी करणारा सॉफ्ट स्टार्टर लावून घ्या. तरीही पूर्ण भारावर १३१ युनिट साडेतेरा तासांत संपतात. म्हणून रात्री एकच खोली थंड ठेवा, आणि चार्जरपर्यंत पोचण्यापुरती रेंज आधीच राखून ठेवा.